खंड्याचें स्थळ

वरसंशोधनाचा विषय निघाला कीं आपल्या समाजांत प्रत्येक गृहस्थ तज्ज्ञ असतो. मुलाचें शिक्षण काय, मिळकत किती, घरांत माणसें किती, स्वभाव कसे, येथपासून तों विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत पुरतें कीं नाहीं येथपर्यंत चौकशी झाल्यावांचून आपण मुलीच्या पत्रिकेची नक्कल कोणाच्या हातीं देत नाहीं. परंतु तेच आपण एखादें कुत्रें दुसऱ्यास द्यावयाचें असतां एकच प्रश्न विचारतों, "हवें का?" समोरचा "हवें" म्हणाला कीं कार्य उरकलें! गेल्या वर्षीं एक तरुण व दांडगा कुत्रा पांच महिने आमच्या पेणच्या घरीं राहिला, व त्यास कायमचें घर पाहून देण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या निमित्तानें या विषयाचा जो थोडाबहुत विचार घडला तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

वडखळ नाक्यावर, जेथून गोव्याचा हमरस्ता सोडून अलिबागची वाट फुटते, तेथें चहाच्या एका टपरीमागें हा कुत्रा आठ-दहा दिवस बसून होता. गळ्यांत पट्टा होता. म्हणजे कोणा तरी गृहस्थानें त्यास पाळिलें व कंटाळा येतांच गाडींतून आणून सोडिलें, हें उघड होतें. जनावर उपाशी-तहानेलें राहील अशा स्थितींत तें टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें अपराध ठरविला आहे, हें पुष्कळ सुशिक्षितांच्याही गांवीं नसतें. आमचा एक जुना विद्यार्थी येथेंच पशुवैद्य आहे. त्यानें त्यास उचलून आणिलें, दांत पाहिले, आणि पक्के दांत सगळे आले आहेत तेव्हां सात महिन्यांच्या पुढचा आहे, असें सांगितलें. "गुरुजी, तुमच्या परसास भिंत आहे. चार दिवस ठेवून घ्या," असें तो म्हणाला. त्या चार दिवसांचे पांच महिने झाले. अशा तात्पुरत्या सांभाळास हल्लीं फॉस्टर म्हणतात. पूर्वीं वार लावून जेवणारे विद्यार्थी ज्या नात्यानें घरोघर वावरत त्याच नात्यानें खंड्या आमच्याकडे वावरला.

वावरला म्हणणें फार सौम्य झालें. पहिल्या आठवड्यांत त्यानें वलणीवरचें सोंवळें ओढून परसांत नेलें, दोन वहाणा फाडल्या, व आमच्या अमरकोशाच्या जीर्ण प्रतीचा एक कोपरा खाऊन टाकिला. अमरानें कुत्र्यास जीं नांवें दिलीं आहेत त्यांत कौलेयक हें एक आहे. त्यावर क्षणभर थांबावें असा तो शब्द आहे. 'कुल' या शब्दापासून कुत्रा या अर्थीं हें रूप साधावें, म्हणून पाणिनीनें आपल्या सूत्रांत खास तरतूद केलेली आहे. कुळांतला, घरचा, तो कौलेयक. कुत्र्याची ओळखच मुळीं घरावरून करण्याची रीत इतकी जुनी आहे. वडखळच्या टपरीमागें बसलेल्या प्राण्यास तें नांव लावावें तरी कसें?

आमच्या वडील भगिनींचें मत पहिल्या दिवसापासून एकच होतें, बांधून घाला. पस्तीस वर्षें शाळेंत काढलेल्या माणसास हें मत ओळखीचें वाटलें. सहा-सात महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतचें कुत्र्याचें वय म्हणजे आमच्या आठवी-नववीच्या वर्गाचें वय. अंगांत शक्ति मावत नाहीं, आणि ती कोठें खर्चावी हें कळत नाहीं. मागच्या बांकावरचा मुलगा आणि असा कुत्रा यांस लोक 'वाईट' म्हणून मोकळे होतात. साखळीनें बांधिल्यानें ती शक्ति नाहींशी होत नाहीं. ती रात्रंदिवस भुंकण्यांत, जमीन उकरण्यांत, व आल्यागेल्याच्या अंगावर उड्या घालण्यांत बाहेर पडते. मग तोच पुरावा धरून साखळी आणखी आंखूड करण्यांत येते.

खंड्यास ज्या गोष्टींनीं वळण लागलें त्या अगदीं साध्या आहेत. पहांटे भोगावतीच्या कांठानें तासभर चालणें, आणि ऊन उतरल्यावर पुन्हां तासभर. उन्हाळ्यांत डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू पांच-सात सेकंद टेकवून पाहावी, आपल्यास सोसवत नाहीं तें त्याच्या तळव्यांसही सोसत नाहीं. शिकवणी दिवसांतून दोन-तीन वेळां, दर खेपेस पांच-दहा मिनिटांची. त्याहून अधिक वेळ लक्ष लागत नाहीं, आणि हा नियम आम्हीं शाळेंत पाळिला असतां तर निरीक्षकांनीं काय म्हटलें असतें तो प्रश्न वेगळा. परंतु सर्वांत उपयोगी पडलें तें नाकाचें काम. भाकरीचे बारीक तुकडे परसांतल्या गवतांत विखरून टाकावे व त्यास ते शोधूं द्यावे. पाव तास हुंगून शोधणें त्यास लांबच्या फेरफटक्याइतकेंच दमवितें. विद्यार्थ्याच्या पांच लक्षणांत श्वाननिद्रा सांगितली आहे खरी, परंतु देहाचें व नाकाचें काम झालेला कुत्रा दिवसाचा अर्धाअधिक वेळ स्वस्थ झोंपतो, असा आमचा अनुभव आहे.

आपल्यासारख्या घरांत एक सावधगिरी विशेष सांगावीशी वाटते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा मुलें प्रेमानें कुत्र्यास भरवितात, आणि त्यांत मनुका असतात. मनुका व द्राक्षें कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरूं शकतात. चॉकलेट व कांदा हींही त्यास विषासमान. डॉक्टरांनीं हें सांगेपर्यंत आमच्या घरीं कोणाच्याही कानीं हें आलेलें नव्हतें.

आतां कोणी म्हणेल, एवढें सगळें जमलें तर तुम्हींच कां ठेवून घेतला नाहीं? आमच्या नातवानेंही हेंच विचारलें, व दोन दिवस आमच्याशीं अबोला धरिला. उत्तर गणिताचें आहे. अशा देशी कुत्र्याचें आयुष्य नीट सांभाळिल्यास बारा-चवदा वर्षांचें असतें, आणि आम्ही सदुसष्टाव्या वर्षांत आहों. गुडघे पहांटेच्या फेरीस आजच कुरकुरतात. चिरंजीव व सूनबाई नातवाच्या शिक्षणासाठीं जूनपासून पुण्यास बिऱ्हाड करणार, हें ठरलेलें होतें. मागें उरणार आम्ही तीन वृद्ध माणसें आणि एक तरुण कुत्रा. त्यास आज जवळ ठेवणें म्हणजे आमची हौस पुरवून आठ-दहा वर्षांनीं, तो म्हातारा झाल्यावर, त्यास दुसऱ्यांदा निराधार करणें होय. नातवास हें पटलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें ऐकून घेतलें.

टाकलेल्या कुत्र्यांस घर पाहून देणें ही कांहीं आजची टूम नव्हे. लंडनमध्यें मेरी टील्बी नांवाच्या बाईनें १८६० सालीं हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं आश्रयस्थान काढिलें, तेव्हां वर्तमानपत्रांनीं तिची थट्टा केली. १८७१ सालीं तें बॅटरसी भागांत गेलें, व त्याच नांवानें आज जगभर ओळखिलें जातें. आपल्या मुंबईनें तर त्याच्याही आधीं १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध दंगा पाहिला, आणि त्यांत पारशी मंडळी पुढें होती. पुढें १८७४ सालीं तेथें प्राण्यांच्या छळाचें निवारण करणारी मंडळी स्थापन झाली. परळचें बाई साकरबाई रुग्णालय त्याच मंडळीचें. आजकाल मुंबईंत वर्ल्ड फॉर ऑल ही संस्था कुत्र्यामांजरांस दत्तक देण्यासाठीं मेळावे भरविते, पुण्यास रेस्क्यू ही संस्था २००७ पासून काम करीत आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमांवरून देशभर वाद माजला, तो वाचकांस आठवत असेल. ११ तारखेच्या हुकुमांत दिल्ली व आसपासचीं भटकीं कुत्रीं उचलून निवाऱ्यांत ठेवावीं असें होतें. २२ तारखेस तें बदलून, शस्त्रक्रिया व लसीकरण करून तीं मूळ जागीं सोडावीं, पिसाळलेलीं व अंगावर येणारीं मात्र सोडूं नयेत, असें ठरलें. त्याच हुकुमांत असेंही होतें कीं, ज्यास इच्छा असेल त्यानें पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचें कुत्रें दत्तक घ्यावें, आणि एकदां घेतलेलें कुत्रें पुन्हां रस्त्यावर येणार नाहीं याची जबाबदारी घेणाऱ्यावर राहील. ओसरीवर बसून दोन्ही पक्षांनीं घसा कोरडा केला, परंतु या कलमाविषयीं आमच्या कानांवर एकही शब्द आला नाहीं. कुत्र्यांच्या बाजूनें बोलणारे व विरुद्ध बोलणारे यांपैकीं कोणाच्याही दारांत कुत्रें दिसलें नाहीं, हेंही सांगून टाकतों.

दत्तक शब्द आला म्हणून थोडें विषयांतर. आपल्या धर्मशास्त्रांत दत्तकप्रकरण मोठें आहे. दत्तकमीमांसा व दत्तकचंद्रिका या ग्रंथांवर इंग्रजी अमदानींतल्या न्यायालयांत पुष्कळ खल झाला. देणाऱ्यानें प्रत्यक्ष द्यावें व घेणाऱ्यानें प्रत्यक्ष घ्यावें, हा त्या विधीचा प्राण. आणि एकदां यथाविधि झालेलें दत्तविधान रद्द होत नाहीं, हें १९५६ च्या कायद्यानेंही कायम केलें. कुत्र्याच्या बाबतींत यांतील पहिली गोष्ट तंतोतंत पाळावी व दुसरी मुळींच पाळूं नये, असें आमचें मत बनलें आहे. कुत्रा दुसऱ्याच्या हातीं पाठवूं नये. आपण स्वतः जावें, घर पाहावें व आपल्या हातानें द्यावा. आणि देतांना स्पष्ट सांगावें कीं, न जमल्यास आमचें दार उघडें आहे, एक वर्षानें आणिला तरी आम्ही कारण विचारणार नाहीं, मात्र रस्त्यावर सोडूं नका. परत घेण्याची लाज दोन्ही पक्षांस वाटते म्हणूनच वडखळ नाक्यावर कुत्रीं दिसतात.

खंड्यास मागणी कमी नव्हती. रंगानें सोनेरी, छाती भरदार, डोळे बोलके. पाहणाऱ्यास तो आवडे. पहिलें स्थळ हमरापूरकडच्या एका गणपतीच्या कारखान्याचें. माणसें इतकीं मायाळू कीं आमचा निश्चय डळमळावा. पण आंत जाऊन पाहिलें तों ओल्या मूर्ति ओळीनें वाळत ठेविलेल्या, सोंडा व हात अजून कच्चे, आणि मधून चालण्यास वीतभर वाट. भाद्रपदापूर्वीं त्या घरांतील प्रत्येकजण रात्रीं बारापर्यंत कामांत असतो. खंड्याच्या शेपटीच्या एका फटकाऱ्यासरशीं किती विघ्नहर्त्यांवर विघ्न आलें असतें, कोण जाणे! आम्हीं नम्रपणें नाहीं म्हटलें. त्यांनींही हंसून तें मान्य केलें. पुढें एखादें वयस्क, शांत कुत्रें आलें तर त्यांच्याइतकें चांगलें घर मिळणार नाहीं, अशी आमची नोंद आहे.

दुसरे गृहस्थ खारभूमीच्या बांधावर कोळंबीचें तळें राखणारे. त्यांस राखण्या हवा होता. "दिवसा बांधून ठेवूं, रात्रीं मोकळा सोडूं," असें ते म्हणाले, व तीन वेळां येऊन गेले. तिसऱ्या खेपेस त्यांनीं पैसेही देऊं केले. माणूस प्रामाणिक होता, खाण्यास उणें पडूं दिलें नसतें. परंतु भर उन्हांत, बांधावरच्या खुंट्यास, एकटा, दहा-बारा तास! पांच महिने ज्याचें मन माणसांत लाविलें त्यास तेथें बांधणें आमच्यानें झालें नाहीं. तिसरें स्थळ एका नव्या इमारतींतील तरुण दांपत्याचें. दोघेंही सकाळच्या गाडीनें पनवेलकडे जाणारीं, रात्रीं आठास परतणारीं. त्यांचें प्रेम खोटें नव्हतें, त्यांच्याजवळ वेळ नव्हता, एवढेंच. आणखी एका गृहस्थानें "जात कोणती?" म्हणून विचारलें, व देशी म्हणतांच फोन ठेविला. हिमप्रदेशांतलीं दाट केसांचीं कुत्रीं कोंकणच्या उकाड्यांत आणून वातानुकूलित खोलींत कोंडणाऱ्या मंडळींपैकीं ते असावेत.

एवढ्या चौकशींतून आम्हांस जें कळलें तें हें कीं, किती प्रेम कराल हा प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं, त्याचें उत्तर सगळे एकच देतात. सकाळीं सहा वाजतां तुमच्या घरीं कोण उठलेलें असतें, दुपारीं दोन वाजतां कोण असतें, पावसाळ्यांत बाहेर कोण नेईल, आणि मुलांची परीक्षा आली म्हणजे हें काम कोणाकडे जाईल, हे प्रश्न विचारावे. एकत्र कुटुंबांत शेवटच्या प्रश्नाचें उत्तर बहुधा सूनबाई असें असतें. तिला कोणीं विचारलेलें नसतें. म्हणून आम्हीं एक नियमच केला. घरांत ज्या व्यक्तीवर काम पडणार तिनें स्वतः "हो" म्हटल्यावांचून बोलणें पुढें न्यावयाचें नाहीं. कर्त्या पुरुषाची संमति आम्हीं धरली नाहीं, यामुळें एक-दोन कर्ते पुरुष रागावले.

रोह्याचें स्थळ आमच्या पशुवैद्य विद्यार्थ्याच्या ओळखीनें आलें. दोन भावांचें एकत्र कुटुंब. थोरला भाऊ कुंडलिकेच्या बाजूस शेती करतो व दोन्ही वेळां पायींच शेतावर जातो. धाकटा धाटावच्या कारखान्यांत पाळीनें कामास, त्यामुळें घरीं दिवसा पुरुषमाणूस असतें. दोन मुलें, एक नऊ वर्षांचा व एक बारा. आम्ही नागोठण्यावरून गेलों, आधीं खंड्याला न घेतां. चहा झाल्यावर थोरल्या सूनबाई माजघरांतून बाहेर आल्या, आणि इतर कोणींही न विचारलेला प्रश्न त्यांनीं विचारला.

"गुरुजी, हा अंगावर उड्या घेतो का? सासूबाई काठीनें चालतात."

घेतो, असें आम्हीं सांगितलें. तेथें गोड बोलून स्थळ जमविणें शक्य होतें. मध्यस्थ तेंच करीत असतात. उडी घेतांच पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर टेकले म्हणजेच तोंडाकडे पाहावें, हा उपाय आम्ही करीत आहों, दहांतून सात वेळां लागू पडतो, तीन वेळां नाहीं, असें आम्हीं सांगितलें. "मग पहिले दिवस सासूबाई बसलेल्या असतांनाच त्याला आंत घ्यायचा," त्या म्हणाल्या, व नवऱ्याकडे न पाहतां म्हणाल्या, "आणा तुम्ही." आमच्या मनानें तेथेंच स्थळ पक्कें केलें. परंतु रीत सोडली नाहीं, आठ दिवसांच्या बोलीवर दिला.

देण्यापूर्वीं डॉक्टरांनीं खच्चीकरणाची शस्त्रक्रिया उरकली होती व रेबीजची लस टोंचली होती. ही लस तिसऱ्या महिन्यानंतर देऊन पुढें दरसाल द्यावी लागते, तिच्यांत हयगय नको. लक्षणें दिसूं लागल्यावर तो रोग जवळजवळ कधींच बरा होत नाहीं, माणसाचाही नाहीं. कोणतेंही कुत्रें चावलें तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी व तत्काळ दवाखाना गांठावा, हें त्यांनीं दोन्ही मुलांकडून पाठ करवून घेतलें. भाताच्या खाचरांत पावसाळ्यांत उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोचा संसर्ग होतो, म्हणून त्या लसीचाही आग्रह धरिला. गोचिडांचें औषध आम्हीं बरोबर दिलें. तसेंच तो ज्यावर निजत असे तें जुनें घोंगडें दिलें, नव्या घरांत जुना वास सोबतीस असावा म्हणून.

नव्या जागीं तीन दिवस बावरण्याचे, तीन आठवडे वळण समजण्याचे व तीन महिने घर आपलें वाटण्याचे, असा एक आडाखा या क्षेत्रांतले लोक सांगतात. खंड्यानें पहिले दोन दिवस अन्नास तोंड लाविलें नाहीं. दुसऱ्या रात्रीं रोह्याहून फोन आला तेव्हां आमच्या घरीं कोणास झोंप आली नाहीं, आणि भगिनीही दिवा लावून बसल्या होत्या, ज्यांनीं पहिल्या दिवशीं साखळी सुचविली होती त्याच. तिसऱ्या दिवशीं तो थोरल्या भावामागून शेतावर गेला. भिऱ्याच्या वीजघरांतून सुटणाऱ्या पाण्यामुळें कुंडलिका बाराही महिने वाहते. त्या पाण्यांत उतरला, बाहेर येऊन सगळ्यांच्या अंगावर पाणी झाडलें, आणि घरीं येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्या. आठ दिवस भरले त्या दिवशीं आम्हीं विचारलें, तर सूनबाईंनीं "आतां कशाला नेतां" एवढेंच उत्तर दिलें.

दसऱ्याच्या सुमारास रोह्यांत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिसांची सशस्त्र सलामी होते, वाद्यांचा गजर असतो. त्या दिवशीं त्यास माजघरांत ठेवून धाकट्या मुलानें सोबत बसावें, असें आम्हीं आधींच कळविलें होतें, व तसें झालें. दिवाळीच्या फटाक्यांतही हीच व्यवस्था. सासूबाईंच्या अंगावर तो आतां उडी घेत नाहीं. त्यांची काठी मात्र दोनदां पळविली. लसीची पुढची तारीख थोरल्या भावानें पंचांगाच्या मुखपृष्ठावर लिहून ठेविली आहे, ती आम्हीं पाहिली. नारळांचीं आळीं उकरण्याची संवय अद्याप गेलेली नाहीं.